सॉफ्टवेअर सक्रियण

सॉफ्टवेअर सक्रियण म्हणजे विकत घेतलेले सॉफ्टवेअर विशिष्ट संगणकावर वापरण्याचा परवाना ग्राहकाकडे आहे की नाही, याची उत्पादक कंपनीकडून होणारी पडताळणी होय. व्यवहारात यास ‘ॲक्टिव्हेशन’ असेच म्हणतात. ही पडताळणी बहुधा इंटरनेटद्वारे आणि काही वेळा दूरध्वनीद्वारे होते. ती पूर्ण होईपर्यंत सॉफ्टवेअर चालतच नाही, मर्यादित दिवसच चालते किंवा त्यातील काही सुविधा बंद राहतात. अनधिकृत प्रती रोखण्याच्या उपायांना एकत्रितपणे ‘प्रत-संरक्षण’ म्हणतात. सक्रियण हा त्यांपैकी आज सर्वाधिक प्रचलित असलेला उपाय आहे.

सक्रियणामुळे सॉफ्टवेअरच्या खरेदीचे स्वरूप बदलले. पुस्तक विकत घेतल्यावर ते वाचण्यासाठी प्रकाशकाची पुन्हा परवानगी घ्यावी लागत नाही. सक्रियणावर अवलंबून असलेल्या सॉफ्टवेअरला मात्र संगणक बदलला, दुरुस्त केला किंवा नव्याने सज्ज केला की उत्पादकाच्या सर्व्हरकडून पुन्हा संमती मिळवावी लागते. तो सर्व्हर चालू राहणे ग्राहकाच्या हाती नसते. या विषयावरील बहुतेक तक्रारींचे आणि वादांचे मूळ येथे आहे.

इतिहास

घरगुती संगणकांच्या आरंभकाळापासून सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींचा प्रश्न चर्चेत आहे. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी वापरकर्त्यांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. आल्टेअर या संगणकासाठी तयार केलेली ‘बेसिक’ ही भाषा बहुतेक जण वापरतात, परंतु आल्टेअरच्या मालकांपैकी १० टक्क्यांहूनही कमी लोकांनी ती विकत घेतली आहे, अशी तक्रार त्यांनी या पत्रात केली होती.

१९८०च्या दशकात सॉफ्टवेअर फ्लॉपी डिस्कवर विकले जाई. साध्या आज्ञेने नक्कल करता येऊ नये म्हणून फ्लॉपीच्या काही भागांवर मुद्दाम सदोष किंवा अनियमित नोंदी केल्या जात. १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना चालू होताना मूळ फ्लॉपी यंत्रात असावी लागे. या फ्लॉपीला ‘की डिस्क’ म्हणत. फ्लॉपीला बुरशी लागली किंवा ती चुंबकाजवळ राहिली की सॉफ्टवेअर निकामी होई. त्यामुळे अशा फ्लॉपींच्याही प्रती काढून देणाऱ्या ‘कॉपी टू पीसी’सारख्या सॉफ्टवेअरना मोठी मागणी आली. ग्राहकांच्या नाराजीमुळे त्या दशकाच्या उत्तरार्धात व्यवसायोपयोगी सॉफ्टवेअर विकणाऱ्या अनेक कंपन्यांनी फ्लॉपीचे संरक्षण काढून टाकले.

संगणकीय खेळांत वेगळ्या युक्त्या वापरल्या गेल्या. काही खेळ छापील पुस्तिकेतील अमुक पानावरचे अमुक अक्षर विचारत. १९९०मध्ये आलेल्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या खेळासोबत चाच्यांचे चेहरे जुळवण्याची पुठ्ठ्याची फिरती चकती मिळे. चकती हरवली की खेळ सुरू होत नसे.

महागड्या सॉफ्टवेअरसाठी ‘डोंगल’ म्हणजे संगणकाला जोडण्याचे छोटे उपकरण दिले जाऊ लागले. व्यवहारात त्याला ‘हार्डवेअर लॉक’ किंवा नुसते ‘लॉक’ असेही म्हणतात. आरंभी ते प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला आणि पुढे यूएसबीला जोडले जाऊ लागले.

इंटरनेटचा प्रसार झाल्यावर सक्रियण सर्वत्र पोहोचले. २००१ साली आलेल्या ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपी या मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांमुळे सामान्य ग्राहकाला ही पद्धत प्रथमच मोठ्या प्रमाणावर परिचित झाली. विंडोज एक्सपी ३० दिवसांत सक्रिय न केल्यास, सक्रियण पूर्ण होईपर्यंत संगणकात प्रवेश मिळत नसे. विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या आवृत्तीत मुदत संपल्यावर केवळ ब्राउझर आणि तोही एका वेळी एक तास वापरता येई. २००८ मधील सुधारणेत हा निर्बंध काढून त्याऐवजी वारंवार सूचना दाखवण्यास सुरुवात झाली.

कार्यपद्धती

सक्रियणात सामान्यतः तीन गोष्टी एकत्र आणल्या जातात. पहिली म्हणजे उत्पादन-चावी. विंडोजची चावी २५ अक्षरांची असून ती प्रत्येकी ५ अक्षरांच्या ५ गटांत छापलेली असते. दुसरी म्हणजे संगणकाची ओळख. हार्ड डिस्क, प्रोसेसर, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड, स्मृतीचा आकार इत्यादी घटकांची माहिती घेऊन गणिती प्रक्रियेने तिची एक संक्षिप्त खूण तयार केली जाते. विंडोज एक्सपीमध्ये अशा १० घटकांचा विचार होत असे. तिसरी म्हणजे सर्व्हरचे उत्तर. चावी आणि खूण यांची जोडी सर्व्हर नोंदवून घेतो आणि अंकीय स्वाक्षरी असलेली संमती परत पाठवतो. ही संमती संगणकात साठवली जाते.

इंटरनेट नसल्यास दूरध्वनीचा मार्ग असे. विंडोज एक्सपीच्या ग्राहकाला पडद्यावरील ५० अंकी क्रमांक सांगावा लागे व उत्तरादाखल मिळालेला ४२ अंकी क्रमांक टंकित करावा लागे.

मोठ्या संस्थांत प्रत्येक संगणक स्वतंत्रपणे सक्रिय करणे गैरसोयीचे असते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने संस्थेच्याच जाळ्यात सक्रियण-सर्व्हर ठेवण्याची ‘केएमएस’ ही पद्धत आणली. या पद्धतीतील सक्रियण १८० दिवस टिकते आणि संगणक दर ७ दिवसांनी ते नवे करून घेण्याचा प्रयत्न करतो. ग्राहक-संगणकांची किमान संख्या २५ झाल्याशिवाय हा सर्व्हर विंडोजच्या नेहमीच्या आवृत्त्यांना संमती देत नाही. अभियांत्रिकी सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्लोटिंग’ परवाना आढळतो. त्यात ठरावीक संख्येइतकेच लोक एकाच वेळी सॉफ्टवेअर वापरू शकतात. सदस्यत्वाच्या पद्धतीत परवाना ग्राहकाच्या खात्याला जोडलेला असून त्याची पडताळणी ठरावीक काळाने पुन्हा होते.

अडचणी व त्यांचे निराकरण

सक्रियण अयशस्वी झाल्यास पडद्यावर बहुधा अक्षरे व अंक यांचा सांकेतिक दोषक्रमांक दिसतो. तो जसाच्या तसा टिपून ठेवणे ही निराकरणाची पहिली पायरी होय. दोषांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. प्रकार न ओळखता सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकल्यास मर्यादित सक्रियणांपैकी एक व्यर्थ खर्ची पडण्याचा संभव असतो.

सर्व्हरशी संपर्क न होणे. अनेकदा यामागे साधे कारण असते. संगणकाचे दिनांक व वेळ चुकीचे असल्यास सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र मुदतबाह्य किंवा अद्याप अमलात न आलेले भासते आणि जोडणी नाकारली जाते. जुन्या संगणकात मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपल्यावर दिनांक वारंवार मागे जातो. अशा वेळी बॅटरी बदलणे हाच उपाय ठरतो. कार्यालयातील वा महाविद्यालयातील प्रॉक्सी, फायरवॉल अथवा विषाणूरोधक सॉफ्टवेअर यांनी संपर्क अडवलेला असू शकतो. जुन्या कार्यप्रणालीत आजच्या सुरक्षित जोडणीसाठी लागणारे नियम उपलब्ध नसल्यासही हाच दोष दिसतो. संस्थेच्या परवान्यावरील लॅपटॉप दीर्घकाळ संस्थेच्या जाळ्याबाहेर राहिल्यास १८० दिवसांनी त्याचे सक्रियण संपते. तो पुन्हा त्या जाळ्याला जोडल्यावर अडचण दूर होते.

सर्व्हरने नकार देणे. येथे संपर्क होतो, परंतु चावी मान्य होत नाही. प्रथम चावी वाचण्यातील चूक तपासावी लागते. विंडोजच्या चावीत शून्य, एक व पाच हे अंक आणि इंग्रजी स्वराक्षरे वापरली जात नाहीत. त्यामुळे शून्यासारखे दिसणारे चिन्ह ‘डी’ किंवा ‘क्यू’ असण्याचा संभव अधिक असतो. आठ हा अंक आणि ‘बी’ हे अक्षर यांतही गल्लत होते. दुसरे कारण म्हणजे आवृत्तीतील फरक. ‘होम’ आवृत्तीची चावी ‘प्रो’ आवृत्तीला चालत नाही. तिसरे कारण म्हणजे सक्रियणांची मर्यादा संपणे. अशा वेळी जुन्या संगणकावरील परवाना आधी सोडवावा लागतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये यास परवाना ‘सरेंडर’ करणे म्हणतात. जुना संगणक बंद पडला असेल तर मात्र उत्पादकाच्या मदत-केंद्राशी संपर्क साधण्यावाचून गत्यंतर नसते.

संगणकाचा मुख्य भाग बदलणे हेही नकाराचे नेहमीचे कारण आहे. मदरबोर्ड बदलल्यावर सर्व्हरला तो संगणक नवाच वाटतो. विंडोज १०च्या २०१६ मधील सुधारणेपासून अंकीय परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडता येतो. तो बदलापूर्वी जोडलेला असल्यास सेटिंग्जमधील दोष-निवारकाच्या साहाय्याने बदललेल्या संगणकावर पुन्हा मिळवता येऊ शकतो. नव्या संगणकासोबत आलेला परवाना मात्र साधारणतः त्याच संगणकापुरता असतो व दुसऱ्यावर नेता येत नाही. अत्यल्प किमतीत विकल्या जाणाऱ्या चाव्या पुष्कळदा एखाद्या संस्थेच्या सामूहिक परवान्यातील असतात. अशी चावी आरंभी चालली, तरी उत्पादकाने ती रद्द केल्यावर निकामी होते आणि ग्राहकाकडे दाद मागण्याजोगा पुरावा राहत नाही.

डोंगल न ओळखला जाणे. डोंगल सदोष असण्यापेक्षा त्याचे चालक-सॉफ्टवेअर कालबाह्य असण्याची शक्यता अधिक असते. ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेले चालक ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत. पॅरलल पोर्टसाठी बनवलेला डोंगल यूएसबीच्या जोडतारेवर पुष्कळदा ओळखला जात नाही. डोंगल हरवल्यास अनेक कंपन्या नवा परवाना विकत घेण्यास सांगतात. म्हणून त्याचा विमा किंवा बदली यासंबंधीच्या अटी खरेदीच्या वेळीच पाहणे इष्ट ठरते.

सर्व्हर अस्तित्वात नसणे. कंपनीने सर्व्हर बंद केला असल्यास ग्राहकाकडे वैध चावी, पावती व मूळ डिस्क असूनही सॉफ्टवेअर सक्रिय होत नाही. वरील कोणताही उपाय येथे लागू पडत नाही.

या अडचणींच्या काळात इंटरनेटवर मिळणाऱ्या ‘क्रॅक’ या नावाच्या फायली वापरण्याचा मोह होतो. अशा फायली चालवण्यासाठी विषाणूरोधक बंद करण्यास सांगितले जाते आणि त्यांतून माहिती चोरणारी सॉफ्टवेअर संगणकात शिरण्याचा धोका असतो. खरेदीची पावती, चावी, नोंदणीचा ई-मेल पत्ता आणि सॉफ्टवेअरची मूळ प्रत एकत्र जपून ठेवणे, तसेच संगणक विकण्यापूर्वी किंवा दुरुस्तीस देण्यापूर्वी परवाना सोडवणे, एवढ्या दक्षतेने बहुतेक प्रसंग टळतात.

टीका व वाद

सक्रियणावरील प्रमुख आक्षेप असा की, त्याचा जाच प्रामाणिक ग्राहकालाच होतो. ज्याने संरक्षण काढलेली प्रत मिळवली, त्याला चावी, मर्यादा वा सर्व्हर यांपैकी कशाचाही सामना करावा लागत नाही. उत्पादकांच्या बाजूने असे म्हटले जाते की, एका चावीवर अनेक संगणक चालवण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती सक्रियणाने रोखली जाते. लहान कंपन्यांना तर त्याविना आपला खर्चही भरून काढणे कठीण होते.

सर्व्हरच्या चुकीचा फटका वैध ग्राहकांना बसल्याची उदाहरणे आहेत. ऑगस्ट २००७मध्ये विंडोजची वैधता तपासणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमध्ये दोष निर्माण होऊन अधिकृत प्रतीही अनधिकृत ठरू लागल्या. बाधित संगणकांची संख्या १२,००० पेक्षा कमी असल्याचे कंपनीने नंतर सांगितले. मार्च २०१०मध्ये ‘असॅसिन्स क्रीड २’ या खेळाचे पडताळणी-सर्व्हर बंद पडल्याने, खेळत असताना अखंड इंटरनेट जोडणी मागणारा हा खेळ विकत घेणाऱ्यांना खेळता येईना. मार्च २०१३मध्ये ‘सिमसिटी’ या खेळाच्या प्रकाशनाच्या वेळी सर्व्हर अपुरे पडले. इंटरनेटशिवाय तो खेळण्याची सोय वर्षभराने करण्यात आली. २००८ साली आलेला ‘स्पोर’ हा खेळ आरंभी केवळ ३ संगणकांवर सक्रिय करता येई. ग्राहकांनी तीव्र निषेध केल्यावर ही मर्यादा ५ करण्यात आली.

संरक्षणाची व्यवस्था जुनी झाल्यावर ती स्वतःच अडथळा बनते. ‘सेफडिस्क’ या संरक्षणाचा चालक सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक असल्याने विंडोज १०मध्ये त्यास स्थान देण्यात आले नाही. परिणामी त्यावर अवलंबून असलेले अनेक जुने खेळ मूळ डिस्क हाती असूनही चालत नाहीत.

सर्व्हर बंद करताना ग्राहकाची सोय पाहिल्याचेही उदाहरण आहे. २००५ साली आलेल्या ‘क्रिएटिव्ह सूट २’ या संचाचे सक्रियण-सर्व्हर अडोबी कंपनीने बंद केले आणि २०१३च्या आरंभी सक्रियणाची गरज नसलेली प्रत व तिचे क्रमांक उपलब्ध करून दिले. ते संच विनामूल्य झाले असा अनेकांचा समज झाला. परंतु ही सोय केवळ आधीच्या परवानाधारकांसाठी असल्याचे कंपनीने स्पष्ट केले.

कायदेशीर स्थिती

भारतात संगणकीय आज्ञावलीला प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संरक्षण आहे. या अधिनियमाच्या कलम ५२ नुसार कायदेशीर ताबा असणाऱ्या व्यक्तीस हानी, नाश वा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा आहे. कलम ६३-ब नुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर आर्थिक लाभासाठी किंवा व्यापाराच्या ओघात नसल्यास न्यायालय कारावास न देता ५० हजार रुपयांपर्यंत दंड करू शकते.

२०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ समाविष्ट झाले. त्यानुसार प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे हा गुन्हा ठरतो व त्यास २ वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. अधिनियमाने मनाई न केलेल्या हेतूसाठी केलेली कृती, सुरक्षेची चाचणी इत्यादींना अपवाद आहेत. राखीव प्रत काढण्याची मुभा कायदा देतो. मात्र ती प्रत चालावी म्हणून सर्व्हर सुरू ठेवण्याचे बंधन या तरतुदी उत्पादकावर घालत नाहीत.

अमेरिकेत १९९८च्या डिजिटल मिलेनियम प्रताधिकार कायद्याने संरक्षण भेदण्यास मनाई केली. तेथे दर तीन वर्षांनी अपवाद ठरवले जातात. २००३मध्ये, डोंगल बिघडल्यामुळे उघडत नसलेल्या आणि ज्यांचा डोंगल कालबाह्य झाला आहे अशा सॉफ्टवेअरसाठी अपवाद मान्य झाला. २०१५मध्ये सर्व्हर बंद झालेल्या खेळांसाठी मर्यादित अपवाद देण्यात आला. त्यापूर्वी १९८८मध्ये ‘व्हॉल्ट विरुद्ध क्वेड’ या खटल्यात अपील न्यायालयाने फ्लॉपीचे संरक्षण निष्प्रभ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला होता. राखीव प्रत काढणे हा अशा सॉफ्टवेअरचा वैध उपयोग असल्याचे न्यायालयाने मान्य केले.

युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी ‘यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ या खटल्यात, कायमस्वरूपी वापरासाठी विकलेला परवाना ग्राहकास पुढे विकता येतो, असा निर्णय दिला. मात्र विकणाऱ्याने स्वतःची प्रत निरुपयोगी करणे आवश्यक ठरवले. कॅलिफोर्निया राज्यात २०२५च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवानाच मिळत असल्यास ते स्पष्टपणे न सांगता ‘खरेदी’ हा शब्द विक्रेत्याला वापरता येत नाही.

मराठी मुद्रण व संरक्षित सॉफ्टवेअर

मराठी अक्षरजुळणीच्या क्षेत्रात प्रत-संरक्षणाचा परिणाम विशेष जाणवतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीचे श्रीलिपी हे सॉफ्टवेअर मुद्रण व प्रकाशन व्यवसायात सर्वत्र रूढ झाले. ते डोंगलसह विकले जाई. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अशा सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. त्यामुळे विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर तो मजकूर उघडल्यास रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते.

अशा मजकुराच्या बाबतीत सॉफ्टवेअर निकामी होण्याचा अर्थ अधिक गंभीर असतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर बंद पडल्यास नवे घेता येते. परंतु डोंगल हरवल्यावर दिवाळी अंक, स्मरणिका, ग्रामग्रंथ किंवा संस्थांची इतिवृत्ते यांच्या जुन्या फायली हाताशी असूनही वाचणे वा दुरुस्त करणे कठीण होते. देवनागरीचा समावेश १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत होता आणि विंडोज २००० पासून तिची सोय संगणकात आली. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके उपलब्ध आहेत. जोडाक्षरे व रफार यांत रूपांतराच्या चुका राहत असल्याने मुद्रितशोधन आवश्यक असते. ताडून पाहण्यासाठी मूळ मजकूर पडद्यावर नीट दिसावा लागतो. म्हणून जुने सॉफ्टवेअर व त्याचे लॉक चालू स्थितीत असतानाच हे काम करून घेणे श्रेयस्कर ठरते.

पर्याय

लिब्रेऑफिस आणि लिनक्सवर आधारित बहुतेक कार्यप्रणाली यांसारख्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला सक्रियणाची आवश्यकता नसते. २००८ पासून कार्यरत असलेले पोलंडमधील ‘जीओजी’ हे दालन संरक्षणरहित खेळ विकते. मोठ्या संस्था विक्रेत्याशी करार करताना सॉफ्टवेअरचा मूळ संकेत त्रयस्थाकडे ठेव म्हणून ठेवण्याची अट घालू शकतात. विक्रेता व्यवसायातून बाहेर पडल्यास तो ग्राहकाला मिळतो. वैयक्तिक ग्राहकासाठी यास समांतर असा उपाय म्हणजे आपले काम कोणत्याही एका उत्पादकाशी न बांधलेल्या खुल्या स्वरूपात, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये व तक्ते साध्या मजकूर-फायलीत, वेळोवेळी साठवून ठेवणे होय. असे केल्यास सक्रियण नाकारले गेले, तरी सॉफ्टवेअर वापरता आले नाही एवढेच नुकसान होते. त्यात केलेले काम हाती राहते.